केसपेपरवरचा रकाना

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांचे दर्शन होण्यापूर्वी जाळीच्या एका खिडकीशी उभे राहून जो कागद घ्यावा लागतो, त्याला आपल्याकडे केसपेपर म्हणतात. त्या कागदावर नाव, वय, पत्ता यांच्या शेजारी ‘पु./स्त्री’ असा एक अरुंद रकाना छापलेला असतो. त्याकडे माझ्यासारख्याचे उभ्या आयुष्यात कधी लक्ष गेलेले नसते, कारण खिडकीआडचा कारकून समोरचा चेहरा पाहून तो परस्पर भरून टाकतो.

करोनाच्या साथीपूर्वी दोन-तीन वर्षांची गोष्ट. एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका खिडकीच्या रांगेत माझ्यापुढे एक तृतीयपंथी उभी होती; अंगावर हिरवे लुगडे, कपाळी रुपयाएवढे कुंकू, आणि डाव्या टाचेला गुंडाळलेली, रक्ताने भिजून काळी पडलेली एक चिंधी. कारकुनाने मान वर न करता नाव विचारले. तिने ते सांगितले, आणि तिचा खर्जातला आवाज ऐकून त्याने मान वर केली. “आधारवरचं नाव सांग.” “साहेब, पायात काच घुसलीय, नावाचं काय घेऊन बसलाय?” “अगं, अरे, पण लिहू काय? बाप्या का बाई?” रांगेत हशा पिकला. टाळी वाजवण्यासाठी उचललेले हात तिने क्षणभर तसेच धरले, मग खाली घेतले, आणि टाच अधांतरी ठेवून, चवड्यावर तोल सांभाळीत ती फाटकाकडे निघून गेली. मी पुढे सरकलो आणि माझा केसपेपर घेतला. माझ्या रकान्यात न विचारताच ‘पु.’ लिहिले होते.

त्या रकान्याचे मूळ शोधू लागल्यावर एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली, ती अशी की, या लोकांची नोंद करण्याची तत्परता राज्यसत्तेने जितकी दाखवली तितकी त्यांच्यावर उपचार करण्याची कधीच दाखवली नाही. वैद्यकाची नजर त्यांच्या देहाकडे प्रथम वळली तीही शुश्रूषेसाठी वळली नव्हती. आणि २०२० च्या टाळेबंदीत डॉक्टर जेव्हा दूरध्वनीवर भेटू लागला, तेव्हाही त्याच्या आधी भेटला तो हाच रकाना.

जुन्या काळाचे सोवळे चित्र रंगवण्याचा माझा हेतू नाही. पेशवाईत हिजड्यांना, म्हणजे ही जमात स्वतःसाठी जो शब्द वापरते त्याच शब्दात सांगावयाचे तर, मानाचे पान वाढले जात होते असे कोणी म्हणू नये. परंतु मराठी अमलाच्या कागदांत त्यांचा उल्लेख येतो तो हक्कदार म्हणून. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने मुंबई इलाख्याच्या दफ्तरांवरून १९८७ साली लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले आहे की, दख्खनेतील हिजड्यांना ठरावीक मुलखात भिक्षा मागण्याचा हक्क, काही ठिकाणी रोख नेमणूक, आणि क्वचित इनाम जमीनही मिळालेली होती. आणि हा हक्क गुरूमागे चेल्याकडे चालत असे. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर जेव्हा प्रत्येक इनामाची झडती सुरू झाली आणि जो तो आपली सनद बगलेत मारून कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागला, तेव्हा या हक्कदारांपुढे असा पेच उभा राहिला की, सरकारला वारस हवा होता तो रक्ताचा, आणि यांच्या घराण्यात रक्ताचा वारस असणे मुळातच संभवत नव्हते. बुलाकवाला, लालनवाला, पूनावाला अशी घराण्यांची नावे आजही मुंबईच्या जमातीत चालतात. पण त्या घराण्यांना वंश मानावयास नव्या कायद्याची तयारी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालवण्याचे नाकारले, आणि सनदेने भिक्षा मागणारा मनुष्य एका पिढीत नुसता भिकारी ठरला.

यानंतर आला तो १८७१ चा २७ वा कायदा. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे, कारण आपल्याकडील भटक्या-विमुक्तांच्या कपाळी बसलेला शिक्का त्याच कायद्याच्या परंपरेतला. परंतु त्याचा दुसरा भाग सर्वस्वी हिजड्यांसाठी होता हे सहसा सांगितले जात नाही. वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब या मुलखांसाठी लिहिलेल्या या भागात संशयित हिजड्यांची नावे व ठिकाणे यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम होता. त्यांच्या मालमत्तेची यादी मागवता येत असे. नोंद झालेल्याने रस्त्यात स्त्रीवेषात दिसणे किंवा नाचगाणे करणे हा गुन्हा होता आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. त्याला मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे. आणि हिजडा म्हणजे कोण, या प्रश्नाचे त्या कायद्याने दिलेले उत्तर असे की, जो स्वतः आपले षंढत्व कबूल करील, किंवा वैद्यकीय तपासणीत जो तसा उघड दिसून येईल तो. म्हणजे आधुनिक वैद्यकाचा आणि या समाजाचा पहिला कायदेशीर परिचय झाला तो फौजदाराच्या समक्ष. पुढच्या दीडशे वर्षांत तपासणीच्या खोलीचे दार दिसताच एखाद्या तृतीयपंथीयाचा पाय अडखळत असेल, तर त्याला भित्रेपणा म्हणण्यापूर्वी हे कलम आठवावे.

आपल्या शेजारी, ज्या निजामी राज्यात त्या वेळी सारा मराठवाडा मोडत होता, त्या हैदराबादेतही १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच वळणाचा कायदा झाला: हैदराबाद शहरातील हिजड्यांची नोंदवही, स्त्रीवेषास बंदी, विनावॉरंट अटक. निजामी गेली, भाषावार प्रांत झाले, राज्याचे दोन तुकडे झाले. हा कायदा मात्र नाव बदलून पुस्तकात तसाच बसून होता. आपल्याकडे कायदे मरत नाहीत, नुसते झोपतात.

मग या दीर्घ काळात यांचे दुखणेबाणे कोण पाहत असे? त्यांचे तेच. लिंगच्छेदनाच्या विधीला जमातीत निर्वाण म्हणतात, आणि तो करणारी दायमाही जमातीतलीच. गुजरातेतील बहुचरा मातेचे स्मरण करून तो व्हावा, पुढे चाळीस दिवस विश्रांती आणि पथ्य असावे, अशी रीत. भूल नाही, टाके नाहीत. जगली ती देवीची, आणि मेली तिची फिर्याद कोण करणार? कारण १८६० च्या दंडविधानात जबर दुखापतीचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत पुंस्त्वनाश हा अगदी पहिला. रक्तस्राव हाताबाहेर गेला तरी रुग्णालयात नेणे म्हणजे दायमाला तुरुंगात पाठवणे, अशी ती कोंडी होती. ज्यांना या रीतीविषयी किळस वाटते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, या वाटेखेरीज दुसरी वाट पिढ्यानुपिढ्या कोणी दाखवलीच नव्हती.

दुसरी वाट उघडली ती एका रोगामुळे. १९८६ साली मद्रासेत एच.आय.व्ही. प्रथम सापडला, १९९२ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि सरकारला एकाएकी तृतीयपंथीयांच्या वस्तीचा पत्ता हवासा झाला. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, आणि पुढे तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची ‘सखी चार चौघी’ यांसारख्या संस्थांनी निरोध, तपासणी आणि समुपदेशन यांचे काम घरोघर नेले. २००४ पासून सरकारने रोगाची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. या कामाने किती प्राण वाचले असतील याला गणती नाही. तरीही एक खोच राहिलीच: ताप, मधुमेह, दातदुखी, क्षय घेऊन गेले तरी डॉक्टर प्रथम विचारणार ते त्याच एका रोगाबद्दल. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात आरोग्याविषयी जी सात पोटकलमे आहेत, त्यांतील पहिले एच.आय.व्ही. सर्वेक्षण केंद्रांचे आहे. संप्रेरक उपचार आणि शस्त्रक्रिया दुसऱ्यात येतात, आणि नुसते रुग्णालयात जाता यावे ही सोय सहाव्यात.

रकान्याचा प्रवास याच सुमारास वेगाने झाला. २००१ च्या जनगणनेपर्यंत प्रगणक हिजड्यांना पुरुषांतच मोजीत. २००९ साली मतदारयादीत ‘इतर’ आले, २०११ च्या जनगणनेत तिसरा अंक आला, आणि देशभर ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे त्या अंकाखाली जमली. हा आकडा अपुरा आहे हे सांगावयास संख्याशास्त्री नको; दारात उभ्या असलेल्या परक्या शिक्षकापुढे आणि घरात बसलेल्या बापापुढे किती मुलांनी ‘इतर’ म्हणण्याचे धैर्य केले असेल? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी निकाल दिला की, आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. त्यानंतर पाच वर्षांनी झालेला कायदा १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. आणि अडीच महिन्यांत देशाला कुलूप लागले.

महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा. पुण्याच्या वाचकाला त्याची ओळख करून द्यावयास नको. पुण्यातला प्लेग, त्याच्या बंदोबस्तावरचा रँडसाहेब, घरांची झडती आणि गणेशखिंडीत झालेला त्याचा खून हे सारे त्या चार कलमी कायद्याच्या पोटातले. साथ आली की सरकार माणसाच्या घरात शिरते आणि शेजारी त्याच्याकडे संशयाने पाहतो, हा अनुभव जुनाच. हैदराबादेत मार्चअखेरीस भिंतींवर निनावी पत्रके झळकली: हिजड्यांशी बोललात तर करोना होईल. इकडे मुंबईच्या लोकलगाड्या थांबल्या, लग्ने-बारशी थांबली, सिग्नलला गाड्या थांबेनाशा झाल्या. म्हणजे मंगती (भिक्षा) आणि बधाई (लग्न-बारशातली बिदागी) ही उपजीविकेची दोन्ही साधने एका रात्रीत बुडाली. केंद्राने माणशी १,५०० रुपये निर्वाहासाठी जाहीर केले, पण ते बँकेतील खात्यावर जमा व्हावयाचे होते, आणि खाते ज्या नावाने उघडायचे ते नाव बापाने ठेवलेले. दहा बाय बाराच्या खोलीत गुरू आणि सात-आठ चेले. अंतर राखा, हा सरकारी उपदेश त्या खोलीत नेमका कोणी कोणापासून पाळावयाचा होता, ते पत्रकात नव्हते.

आणि रुग्णालये तर करोनाच्या रुग्णांनी भरून गेली. शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या तारखा रद्द झाल्या. संप्रेरके घेणाऱ्यांची स्थिती सर्वांत अवघड, कारण हे औषध असे की मध्येच तुटले तर देह मागे फिरू लागतो: मोठ्या कष्टाने नाहीशी झालेली दाढी पुन्हा उगवते, आणि ज्याने स्त्रीदेह मागे टाकला त्याची पाळी पुन्हा सुरू होते. बाहेरच्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याच्या अंगावर ती येते त्याला आरशात परका मनुष्य दिसू लागतो. डॉक्टरची चिठ्ठी नसली की औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून दुप्पट-तिप्पट गिळणे हा जुना घरगुती तोडगा होता. रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा बिघाड हे त्याचे धोके, आणि टाळेबंदीत रक्त तपासणार कोण?

अशा वेळी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे नियम निघाले. कल्पना नवी नव्हती. आंध्रातील आरागोंडा या खेड्यात २००० सालीच उपग्रहामार्फत रुग्ण दाखवण्याचा प्रयोग झाला होता. परंतु कायद्याचे छत्र नव्हते, आणि रत्नागिरीच्या एका प्रकरणात २०१८ साली दूरध्वनीवरून औषधे सांगण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी निष्काळजीपणापर्यंत पोहोचल्यापासून आपल्याकडील डॉक्टर बिचकून होते. नव्या नियमांनी चित्रसंवाद, नुसता आवाज किंवा नुसता लेखी मजकूर, तिन्ही मार्ग मोकळे केले. कोणती औषधे पहिल्या भेटीत, कोणती फेरभेटीतच आणि कोणती मुळीच नाहीत, याच्या याद्या ठरवल्या. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’चा बाह्यरुग्ण विभाग सर्वांस खुला झाला. एच.आय.व्ही.ची औषधे एका महिन्याऐवजी तीन-तीन महिन्यांची एकदम मिळू लागली, आणि संस्थांचे कार्यकर्ते ती पिशवीत घालून पास दाखवीत वस्तीत पोहोचवू लागले. त्या वर्षाच्या खऱ्या दूरवैद्यकात या पिशवीचा वाटा दूरध्वनीइतकाच धरावा लागेल.

या सोयीने काय दिले? प्रथम, रांग वाचवली. खिडकी नाही, हशा नाही, पुरुषांच्या बाकावर बसावे की बायकांच्या हा पेच नाही, आणि रिक्षावाल्याची घासाघीस नाही. सोलापूरच्या किंवा नांदेडच्या मनुष्याला मुंबई-पुण्यातील जाणत्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्यास रात्रीची गाडी लागली नाही. ज्या समाजाचा अवघा वैद्यकीय इतिहास पाहिले जाण्याचा इतिहास होता, त्याला प्रथमच न दिसता बोलता आले. परंतु बोलण्यातही मेख होतीच. संप्रेरकांनी स्तन येतात, त्वचा मऊ होते, पण पौगंडात फुटलेला आवाज काही केल्या परत फिरत नाही. त्यामुळे पलीकडचा डॉक्टर भला असला तरी “हां, बोला सर” असे म्हणून बसे, आणि अलीकडे फोन बंद होई. शिवाय नियमाप्रमाणे प्रारंभी रुग्णाची ओळख पटवावयाची: नाव, वय, पत्ता, आणि जरूर तर ओळखपत्र. औषधाची चिठ्ठी निघणार ती त्या नावाने, आणि ती घेऊन दुकानात जाणार ती लुगडे नेसलेली बाई.

डेऱ्यातला, म्हणजे गुरू-चेल्यांच्या बिऱ्हाडातला, फोन बहुधा एकच, तोही गुरूच्या उशाशी, आणि रिचार्ज संपत आलेला. पण तिथे निदान लपवावयाचे कोणापासून नव्हते. खरी कुचंबणा झाली ती जमातीबाहेरच्यांची, विशेषतः मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्यांची. त्यांना गुरू नाही, घराणे नाही. वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या बंद झाल्यावर ते आईबापांच्या घरी परतले, जिथे त्यांच्या पलंगावर पंजाबी ड्रेस घडी करून ठेवलेला होता. डॉक्टर दूरध्वनीवर आहे, पण बोलावयाचे कुठे? स्वयंपाकघरात आई, बाहेरच्या खोलीत दूरदर्शनपुढे बाप. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभे राहून, किंवा न्हाणीघरात नळ सोडून, दबक्या आवाजात लक्षणे सांगावयाची. दूरवैद्यकाच्या नियमांत रुग्णाच्या गुप्ततेची जबाबदारी डॉक्टरवर टाकलेली आहे. रुग्णाच्या घराला दार असते, असे तिथे गृहीत धरलेले दिसते.

आणि काही दुखणी अशी असतात की त्यांना हात लागावाच लागतो. टाचेतली काच फोनवरून निघत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये तृतीयपंथी हक्कांच्या नव्या कायद्याचे नियम निघाले, आणि त्यांत तृतीयपंथी असल्याचे ओळखपत्र प्रतिज्ञापत्रावरून, कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता द्यावे, असे जिल्हाधिकाऱ्यास स्पष्ट सांगितले होते. १८७१ च्या त्या व्याख्येनंतर हे वाक्य कागदावर उतरावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्यातही पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला हवाच होता. नोव्हेंबरात या ओळखपत्रांसाठी घरबसल्या अर्ज करण्याची सोय झाली. पुढच्या वर्षी लसीकरणाच्या ‘कोविन’वर तिसरा पर्याय आला. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना ‘दुरुस्त’ करण्याचे जे उपचार काही डॉक्टर करीत, त्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने गैरवर्तन ठरवले. २०२२ साली वर्षाला पाच लाखांच्या विम्याचा करार झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. स्वतंत्र कक्ष असावा की सर्वसाधारण कक्षातच जागा मिळावी, याविषयी जमातीत दोन मते आहेत. वेगळी खाट म्हणजे वेगळी पंगत, असे म्हणणाऱ्यांचे मला पटते, पण ज्याला आज रात्री खाट हवी आहे त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालण्याची माझी छाती नाही.

मला या साऱ्यांत अधिक मोलाचे वाटते ते एक छोटे काम. जिथे ती पत्रके लागली होती त्याच हैदराबादेत, साथ चालू असतानाच, जानेवारी २०२१ मध्ये ‘मित्र’ या नावाचा दवाखाना निघाला. त्यात नेमलेली माणसे बहुतांशी याच समाजातली, आणि उपचार सर्दी-तापापासून संप्रेरकांपर्यंत सर्व तऱ्हेचे. मागाहून कल्याण आणि पुणे येथेही तसे दवाखाने झाले. जिथे विचारणाराच आपल्यातला आहे, तिथे रकाना भरताना रांग हसत नाही.

१३२९ फसलीचा तो निजामी कायदा तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला. ‘मित्र’चे तिन्ही दवाखाने अमेरिकी सरकारच्या मदतीवर चालत होते, ती मदत थांबताच २०२५ च्या आरंभी हैदराबादचा बंद पडला, कल्याणचा बंद पडला, आणि पुण्याचाही.